‘बोर्ड’ नावाचं लाकूड

पत्रिकेत विषय छापलाय ‘इंग्रजी नामांचा अर्थविस्तार’. हे संयोजकांचं काम. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की मला ‘बोर्ड’ या एका शब्दावर बोलायचंय. माझं म्हणणं असं, की इंग्रजांनी आपल्या सत्तेची नावं लाकूडसामानावरून ठेवली. ते सिद्धही करणार आहे, शेवटी. वेळ उरला तर.

बोर्ड म्हणजे मुळात फळी. दुसरा जुना अर्थ जहाजाची कड. मध्ययुगात बऱ्याच इंग्रज घरांत जेवणाचं टेबल कायम मांडलेलं नसे. लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, जेवायचं, की फळ्या उचलून भिंतीला उभ्या. त्यामुळे फळी म्हणजे टेबल झालं आणि टेबलावरचं जेवणही. पुढे त्याच टेबलाभोवती बसून कारभार करणारी माणसंसुद्धा बोर्डच. कपबोर्ड म्हणजे आधी कप मांडायची फळी होती. दारं मागाहून आली. आणि व्यवहार ‘अबव्ह बोर्ड’ आहे म्हणतात तो पत्त्यांच्या डावातून आला: हात टेबलाच्या वर ठेवा, सगळ्यांना दिसू द्या. (इथे हसायला हरकत नव्हती. असो.)

आता जेवणावरून माझं जुनं दुखणं निघालं. एका तालुक्याच्या गावी, नाव सांगत नाही, तिथल्या लॉजमालकाचे पाहुणे या सभेत असायचे, रात्री उशिरा एसटीतून उतरलो. स्टँडसमोरच ठळक पाटी: ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’. पोटात कावळे ओरडत होते. आनंदानं आत गेलो.

“जेवायला काय मिळेल?”

“जेवण नाही सर. फक्त राहायची सोय.”

“मग बाहेर बोर्डिंग लिहिलंय ते?”

“बोर्डिंग म्हणजे राहणंच ना?”

“नाही हो, ते लॉजिंग.”

“आणि बोर्डिंग?”

“जेवण!”

मॅनेजरनं माझ्याकडे दयेनं बघितलं. “सर, माझा पुतण्या सोलापूरला बोर्डिंगात राहतो.” यावर काय बोलणार? तरी मी सोडलं नाही. फळी, टेबल, जेवण, आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं त्याला काउंटरवर उभ्यानं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग रजिस्टर माझ्याकडे वळवत म्हणाला, “पेंटर म्हणाला, सगळे असंच लिहितात. आधार कार्ड द्या.” शेवटी पोऱ्यानं स्टँडवरून दोन गार वडापाव आणून दिले, तेही वर्तमानपत्रात बांधून. चटणी संपली होती.

पण मॅनेजरचा पुतण्या खोटा नव्हता. आपल्याकडे बोर्डिंग म्हणजे वसतिगृह, हे शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेव्हापासून रुजलेलं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक बोर्डिंगं कोल्हापुरात उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. तिथे बोर्डिंगमधलं जेवण कधी गळलं नव्हतं. ते गळलं लॉजवाल्यांच्या पाट्यांवर.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, पळतो.

जहाज. सुकाणूचं वल्हं उजव्या कडेला असे, म्हणून ती बाजू ‘स्टिअर-बोर्ड’, तिचं झालं स्टारबोर्ड. डावी ती लारबोर्ड. वाऱ्यात ओरडून सांगितलं की दोन्ही सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलानं 1844 मध्ये डावीला ‘पोर्ट’ म्हणायचा हुकूम काढला. धक्क्याला लागायची ती डावीच बाजू. विमानातही आपण सहसा डावीकडूनच चढतो, हातात बोर्डिंग पास घेऊन. त्या बोर्डिंगातही हल्ली जेवण विकतच घ्यावं लागतं.

सत्ता. ईस्ट इंडिया कंपनीवर लगाम घालायला लंडननं 1784 मध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमलं. ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ची तर गंमतच. कँटरबरीचे आर्चबिशप त्याचे पदसिद्ध सदस्य. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते बोर्ड असं बसायचं जवळजवळ बंदच झालं. कारभार अध्यक्ष आणि कारकून बघत. टेबल उरलं, माणसं उठून गेली. आपल्याकडे लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड, हाऊसिंग बोर्ड, कँटोन्मेंट बोर्ड. वीज मंडळाच्या 2005 मध्ये कंपन्या झाल्या, पण खांबावर चढलेला माणूस अजून ‘एमएसईबी’चा, म्हणजे शेवटचा ‘बी’ शाबूत. आणि ‘देशपांड्यांची मुलगी बोर्डात आली’ हे लंडनच्या माणसाला समजावून दाखवा. त्याला वाटेल, संचालक झाली.

आता सिद्धान्त. न्यायाधीश म्हणजे बेंच, बाकडं. वकील म्हणजे बार, कोर्टातला कठडा. सभाध्यक्ष म्हणजे चेअर. बँक हे इटालियन सराफाचं बाकडं. ब्यूरो हे फ्रेंच लिहायचं टेबल, त्यावरून आख्खी ब्यूरोक्रसी. म्हणजे यातला निम्मा माल बाहेरून आणलेला, पण दिवाणखाना इंग्रजांचा. माणसं बदलतात, फर्निचर जागेवर राहतं, म्हणून अधिकाराला नाव फर्निचरचं. झालं सिद्ध.

कुणी म्हणेल, मराठीत असं नाही. आहे की! ‘कार्यकर्त्यांची दुसरी फळी’ आपण रोज म्हणतो. ‘मधली फळी कोसळली’ हे क्रिकेटच्या बातमीत वाचतो. फरक एवढाच, की इंग्रजांचं बोर्ड बसलेलं असतं आणि आपली फळी उभी असते. त्यामुळे ती फुटते. बोर्ड फुटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, बरखास्त होतं.

‘गादी’ आणि ‘खुर्ची’ मुद्दाम घेतल्या नाहीत. पहिल्या रांगेत दोन माजी नगराध्यक्ष बसलेत. प्रश्न घेऊया.