सर्जनसाहेबांचं नाक

पत्रिकेत माझा विषय 'औषधांना न जुमानणारे जंतू' असा छापलाय. त्यावर बोलणारच आहे, पण आधी नाकाबद्दल बोलू द्या. या सभागृहात साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात आत्ता स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू आहे, आम्ही त्याला 'स्टॅफ' म्हणतो. शेजाऱ्याकडे बघू नका, तो तुमच्याकडेच बघतोय. घाबरायचं कारण नाही, नाकपुडीच्या तोंडाशी तो बहुतेक वेळा गपगुमान राहतो. ऑपरेशनच्या जखमेत पोचला की मात्र घोटाळा. आणि त्याला पाय नाहीत. बहुतेकदा आपणच त्याला हाताने तिथवर नेतो.

मी नोकरीला होतो त्या रुग्णालयात, नाव घेत नाही, पेन्शन चालू आहे, एकदा सर्जिकल वॉर्डात एकामागून एक टाके पिकायला लागले. पू आमच्या प्रयोगशाळेत यायचा, जंतू वाढवून पाहिले की एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या औषधाला न जुमानणारा हाच स्टॅफ. म्हटलं, सगळ्यांच्या नाकाचे स्वॅब घेऊ. आया, वॉर्डबॉय, सिस्टर, निवासी डॉक्टर रांगेत उभे राहिले. एका मावशींनी विचारलं, "डॉक्टर, तपकीर निघाली तर पगार कापणार का?" मोठे सर्जन मात्र येईनात. "माझं नाक? आधी त्या झाडूवाल्याचं बघा!" शेवटी अधीक्षकांनी त्यांना चहाला बोलावलं आणि कप पुढे करण्याआधी मी स्वॅब पुढे केला. दोन-तीन दिवसांत निकाल: जंतू वाढवायच्या ब्लड अगारवर गोल, पिवळसर सोनेरी ठिपके, आणि सेफॉक्सिटिन या औषधाच्या चकतीला पार चिकटून झालेली वाढ, म्हणजे एमआरएसएच. झाडूवाल्याकडे एमआरएसए नव्हता.

याच नाकातून जखमा पिकल्या असं मी शपथेवर सांगणार नाही. त्याला जनुकांची तपासणी लागते, ती सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. पण साहेबांचा राऊंड मी पाहिलाय. एका खाटेवरचं ड्रेसिंग उघड्या हाताने उचलायचं, हात ॲप्रनला पुसायचा, पुढची खाट. कोपऱ्यात बेसिन होतं. त्याच्यापुढे सलाईनचे खोके रचलेले आणि आत बादली. नाकात म्युपिरोसिनचं जंतुनाशक मलम लावून साहेब मोकळे झाले, माझ्याशी मात्र निवृत्तीपर्यंत बोलले नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग पळतो.

पेनिसिलिन तोडणारं विकर या जंतूने लवकरच मिळवलं. त्यावर तोड म्हणून 1959 मध्ये मेथिसिलिन आलं आणि 1961 मध्ये इंग्लंडमधून पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही दाद न देणारे जंतू नोंदवले. मेकए जनुकामुळे पेशीची भिंत बांधणारं वेगळंच प्रथिन तयार होतं, औषधाला ते धरताच येत नाही. म्हणून क्लॉक्सासिलिन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरिनं ही प्रतिजैविकं एकदम बाद. उरतं व्हॅन्कोमायसिन वगैरे, आणि 2002 मध्ये अमेरिकेत मिशिगनला त्यालाही पुरून उरणारा स्टॅफ सापडला. भारतात 2008-09च्या अनेक रुग्णालयांतल्या पाहणीत तपासलेल्या स्टॅफपैकी सुमारे 40 टक्के एमआरएसए होते.

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या देणाऱ्या मेडिकलवाल्यांना मी शिव्या घालीन असं तुम्हाला वाटलं असेल. घालायला हव्यातच. पण औषधाच्या माऱ्यात असा जंतू टिकतो, खाटेवरून खाटेवर त्याला हात नेतो, आणि नवं औषध आलं तरी हात तेच. इंग्लंडने 2001 पासून रक्तातल्या एमआरएसएची मोजणी सक्तीची केली, 2004 मध्ये प्रमाण निम्मं करायचं ठरवलं आणि 2008 पर्यंत केलंही, नव्या औषधाची वाट न बघता. हात नीट धुता यावेत म्हणून डॉक्टरांच्या बाह्या कोपराच्या वर नेल्या. नेदरलँड्समध्ये परदेशी रुग्णालयातून आलेल्या रुग्णाला स्वॅबचा निकाल येईपर्यंत वेगळं ठेवतात, कर्मचाऱ्यांचीही नाकं तपासतात. सर्जनचीसुद्धा!

व्हॅन्कोमायसिनच्या स्लाइड राहिल्या, राहू द्या. अध्यक्ष उभे राहिलेत.