बिल अडतं कुठे?

[दृश्य: कार्यालयातलं टेबल. कॅमेरा एका बिलाच्या मागच्या बाजूवर.]

हे एक साधं बिल. सरकारी कार्यालयाला कुणीतरी औषधं पुरवली, त्याचं. माल आला, मोजून घेतला, साठा नोंदवहीत चढला. आता पैसे तेवढे द्यायचे राहिलेत. मागची बाजू बघा: आवक क्रमांक, लिपिकाची आद्याक्षरं, लेखापालाचा शिक्का, आणि खाली लाल शाईतली एक ओळ. 'पुरवठा आदेशाची प्रत जोडावी.' बिल परत.

प्रत जोडून बिल पुन्हा येतं आणि गठ्ठ्याच्या तळाशी जातं. वर आलं की नवा आक्षेप: रक्कम अक्षरी लिहिलेली नाही. आता ही त्रुटी पहिल्या खेपेलाही तिथंच होती की!

अशा बिलाची तपासणी म्हणजे थोड्या वेळाचं काम. बाकीचे दिवस ते कुणाच्या तरी सहीची वाट बघत पडून असतं. म्हणजे कर्मचाऱ्यांना 'हात चालवा' म्हणून फारसं काही साधत नाही. सगळे आक्षेप एकदमच नोंदवायचे, एवढा नियम पाळला तरी कित्येक फेऱ्या वाचतात. त्यासाठी ना सॉफ्टवेअर लागतं, ना निविदा.

[दृश्य: संगणकाचा पडदा, लॉगिनची चौकट.]

संगणक आले की सगळं सुटसुटीत होईल, असं मानणारे पुष्कळ. पण सात टेबलांची साखळी आहे तशी पडद्यावर चढवली, तर बिल सात लॉगिनमध्ये अडकतं. वर प्रिंट काढून फाइलला लावायची सवय सुटली नसेल, तर दुप्पट काम.

इटलीचं बघा. युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशानुसार सरकारी संस्थांनी पुरवठादाराचे पैसे ३० दिवसांत द्यायचे, आरोग्यसेवेसारख्या ठिकाणी जास्तीत जास्त ६० दिवसांत. उशीर झाला की वर व्याज. इटलीत तसा कायदा झाला, बिलं मात्र रखडतच राहिली. मग जून २०१४पासून मंत्रालयांना आणि मार्च २०१५पासून उरलेल्या सरकारी संस्थांना कागदी बिल बंद झालं. प्रत्येक बिल एकाच मध्यवर्ती यंत्रणेतून जाऊ लागलं, पोचल्याची तारीख आपोआप नोंदली जाऊ लागली. 'आमच्याकडे उशिराच आलं' म्हणत हात वर करायची सोय उरली नाही. एवढं करूनही जानेवारी २०२०मध्ये युरोपीय न्यायालयाने मुदती पाळल्या जात नसल्याबद्दल इटलीला दोषी धरलंच. तारीख कळली म्हणून तिजोरीतून पैसे आपोआप निघत नाहीत. पण उशीर नेमका कुणाकडे, हे तरी आता दाखवता येतं.

तपासणी कमी केली तर पैसे खाणाऱ्यांचं फावेल, ही भीती खोटी नाही. पण सात सह्या असल्या की प्रत्येक जण धरून चालतो, पुढचा बघेलच. फ्रान्समध्ये जोखीम पाहून तपासणीची पद्धत आहे: मोठ्या आणि गुंतागुंतीच्या खर्चाची पैसे देण्याआधी कसून छाननी, किरकोळ बिलांची नंतर नमुन्यादाखल. छाननी करणाऱ्याचं लक्षही मर्यादितच असतं. ते सगळ्या बिलांवर सारखं पसरून काय मिळणार?

[दृश्य: कॅलेंडरचं शेवटचं पान.]

आणि मग वर्षअखेर. निधी परत जाईल या धास्तीने, जे सुचेल ते खरेदी करायचं. अमेरिकी संघीय सरकारच्या खरेदीचा अभ्यास झाला, तेव्हा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च एरवीच्या आठवड्याच्या जवळपास पाचपट निघाला. त्या घाईतले माहिती-तंत्रज्ञानाचे प्रकल्प दर्जातही कमी पडले. तिथल्या न्याय विभागाला मात्र अशा कामांसाठी उरलेला निधी पुढे नेण्याची खास मुभा आहे, आणि त्या विभागात वर्षअखेरीची ही घसरण आढळली नाही.