कोड चालला, प्रबंध अडला

(दृश्य: विद्यापीठ परिसर, मागे गोगाबाबा टेकडी)

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मराठी-हिंदी कानावर पडते, तशी अरबीही पडते. येमेनची मुलं इथं एमएस्सी, पीएचडी करायला बऱ्याच वर्षांपासून येतात, त्यात संगणकशास्त्राचीही असतात. तिकडं परभणी, जालना, लातूरची पोरं आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन ब्रिटनच्या एमएस्सीला निघतात. एक येतो, एक जातो. इंग्रजी दोघांच्याही घरातली नाही, आणि प्रबंध मात्र इंग्रजीतच लिहायचा असतो.

‘इंग्रजी कच्चं आहे’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. थोडंफार खरंही आहे. इंग्रजीत नामाआधी ‘अ’ किंवा ‘द’ लागतं, मराठीत तशी पद्धतच नाही, म्हणून आपली मुलं ते गाळतात. अरबीत ‘अल’ सढळ हातानं लागतं, म्हणून येमेनचा मुलगा नको तिथंही ‘द’ लावतो. अरबी वर्तमानकाळात ‘आहे’ची गरज नसते, त्यामुळं त्याचं ‘इज’ सुटतं. पण असल्या चुका दुरुस्त करायला हल्ली सॉफ्टवेअर आहे. प्रबंध अडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. हे कोण म्हणतंय आणि कशाच्या जोरावर म्हणतंय, तेच वाक्यातून कळत नाही.

आयईएलटीएस ही गोष्ट शिकवत नाही. तिथं 60 मिनिटांत दोन उत्तरं लिहायची, एक किमान 150 शब्दांचं, दुसरं 250 चं. संदर्भ कुणी मागत नाही. ब्रिटनची एमएस्सी साधारण वर्षभराची, 180 क्रेडिटची, आणि त्यातले 60 क्रेडिट बहुतेक ठिकाणी एकट्या प्रबंधाचे. म्हणजे क्लास लावून आयईएलटीएसचा बँड, म्हणजे गुण, मिळवला, तरी खरं लिखाण तिकडं पोचल्यावरच सुरू होतं.

(दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर सोयाबीनच्या पानांचे फोटो)

समजा, एखाद्यानं सोयाबीनच्या पानाचा फोटो बघून पिवळा मोझॅक हा रोग ओळखणारा प्रोग्राम केला. मराठवाड्यातल्या पोराला हा विषय सुचणारच. तो लिहितो, ‘आमची पद्धत अत्यंत प्रभावी असून तिचे निकाल उत्कृष्ट आहेत.’ इंग्रजीत एकही चूक नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उत्कृष्ट म्हणजे किती? कुणाच्या तुलनेत? फोटो किती होते, प्रोग्रामनं आधी न पाहिलेले किती? आता तेच वाक्य असं करा: ‘न पाहिलेल्या 400 फोटोंपैकी 352 मध्ये रोग बरोबर ओळखला गेला; त्याच फोटोंवर जुन्या पद्धतीनं 318 ओळखले.’ आकडे उदाहरणापुरते आहेत. पण विशेषण गेलं आणि पुरावा आला. गंमत म्हणजे हाच मुलगा कोडमध्ये एक सेमिकोलन सुटू देत नाही, आणि गद्यात मात्र ‘अत्यंत’ लिहून पुढं सरकतो.

याची मुळं आपल्याकडच्या सवयीत आहेत, असं आम्हाला वाटतं. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या रात्री सीनियरचं जर्नल आणायचं, जसंच्या तसं उतरवायचं, सकाळी सरांची सही घ्यायची. यात चोरी आहे असं कुणालाच वाटत नाही, सरांनाही नाही. परदेशी विद्यापीठात मात्र टर्निटिन या नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली की कुठली ओळ कुठल्या लेखाशी जुळते ते रंगवून समोर येतं. शब्द बदलले म्हणजे सुटलो, असंही नाही. मुद्दा दुसऱ्याचा असेल तर त्याचं श्रेय द्यावंच लागतं. संगणकाच्या क्षेत्रात संदर्भ देण्याची आयईईई पद्धत बरीच चालते: वाक्यात चौकटी कंसातला क्रमांक, आणि शेवटी त्याच क्रमानं यादी.

आता चॅटजीपीटीमुळं नवीनच घोळ. तो संदर्भही देतो. नाव भारदस्त, साल बरोबर वाटणारं, आणि शोधायला गेलं तर तसा लेखच नसतो. यादीतला प्रत्येक लेख स्वतः उघडून बघणं, याला दुसरा उपाय नाही.

(दृश्य: नागसेनवन, मिलिंद महाविद्यालय)

1950 मध्ये या शहरात कॉलेज सुरू करणाऱ्या बाबासाहेबांनी स्वतः लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला होता. 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. प्रबंध छापला गेला तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यातच सांगून टाकलं, की यातले बहुतेक युक्तिवाद मला मान्य नाहीत. न पटलेल्या प्रबंधाला प्राध्यापक प्रस्तावना देतो! आपल्याकडं गाइडच्या मतापेक्षा वेगळी एक ओळ लिहायची म्हटलं, तरी पोरगं दहादा विचार करतं. म्हणून पूर्वीच्या संशोधनाचं प्रकरण निव्वळ यादी होऊन बसतं: अमक्यानं हे केलं, तमक्यानं ते केलं. त्यांचं कुठं कमी पडलं, हे लिहिलं तरच स्वतःच्या कामाला जागा निघते.

(दृश्य: शेतात मोबाइलनं फोटो काढणारा विद्यार्थी)

मर्यादांचं प्रकरण लिहायला तर मुलं फारच कचरतात. आपणच आपलं उणं कशाला सांगायचं? पण सोयाबीनचे सगळे फोटो एकाच तालुक्यातले, भर उन्हात काढलेले आणि एकाच मोबाइलवरचे असतील, तर परीक्षक ते विचारणारच. ते आधीच लिहिलेलं असलं, की तोंडी परीक्षेत बचाव करत बसावं लागत नाही. ढगाळ दिवसाचे फोटो घेतले तर काय होईल, यावर थेट बोलता येतं.