'खालीच निजले'

मंडळी, वाचनालयानं मला विषय दिलाय 'वैद्यकशास्त्र आणि साहित्यातली कला'. मी तालुक्याच्या गावात आयुष्य काढलेला डॉक्टर. एका रोग्यापासूनच सुरुवात करतो.

पावसाळा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नवा होतो. पहाटे एका तरुण शेतकऱ्याला बैलगाडीत घालून आणलं. बायको सांगत होती, "रातपासून यायचं पोट दुखून रायलं, सायेब. आन् आता डोये तं उघडूनच नाही रायले." अंगावर खूण नाही, सूज नाही. पोटदुखीचं इंजेक्शन मी भरून घेतलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "जागलीले गेले होते. मचान गयत होता, म्हून खालीच निजले."

'खालीच' या शब्दाशी माझा हात थांबला.

मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की झोपमोडही होत नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप तिचं विष तोडतं. अनेकदा आधी पोट दुखतं, मग पापण्या मिटतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. केसपेपरवर मी 'पोटदुखी' एवढंच लिहिलं होतं. निदान त्या बाईच्या गोष्टीत होतं. ती गोष्ट पुरती ऐकून घेणं हे मला कोणत्या पाठ्यपुस्तकानं शिकवलं नाही; ते कथा वाचून आलं असं मी मनापासून मानतो.

आता लेखकांशी बोलतो. आपल्या गोष्टींत साप चावला की माणूस किंचाळतो, तोंडाला फेस येतो, अंग काळंनिळं पडतं. वाचणारा तेच खरं धरून चालतो आणि मण्यार चावलेला माणूस 'पित्त झालं असेल' म्हणून घरीच पडून राहतो. रशियन कथाकार-नाटककार चेखव स्वतः डॉक्टर होता. १८९९ साली एका डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की विषानं येणारा मृत्यू रंगमंचावर जसाच्या तसा दाखवता येत नाही, पण कलेनं घेतलेल्या त्या सवलतीतही शास्त्राशी असलेली सहमती जाणवली पाहिजे. सवलत घ्या, पण काय बदलतो आहोत ते ठाऊक असू द्या, एवढंच माझं मागणं आहे.

त्या शेतकऱ्याला सर्पविषावरचं प्रतिविष सुरू केलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच त्याचा श्वास थांबला. उरलेला सगळा रस्ता मी हातानं श्वास देणारा फुगा दाबत होतो. डोळे मिटलेले, बोटसुद्धा हलत नव्हतं. "आता काही खरं नाही," असं मी ड्रायव्हरला म्हणालो.

तिथं त्याला कृत्रिम श्वासावर ठेवलं आणि तो वाचला. काही दिवसांनी भेटायला गेलो तर म्हणाला, "सायेब, गाडीत तुमी बोलले ते सारं आयकू येत होतं. जित्ता हाव म्हनून सांगाव म्हटलं, तं व्हटच हालत नव्हता."

विष स्नायूंना बांधतं. शुद्ध बहुधा शाबूत असते. हे शास्त्र मला पाठ होतं, तरी त्याच्या उशाशी बसून मी ते बोललो होतो. त्या गाडीतला तो तास आतून कसा असेल, हे शास्त्राला लिहिता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी ते लिहावं.