टाकी भरली, काटा हलेना

जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी आत्ताच गळ्यापर्यंत भरली आहे. चावी फिरवली. काटा मात्र रिकाम्या खुणेवरून उठायला तयार नाही.

अशा वेळी हात आधी डॅशबोर्डकडे जातो. थांबा, मीटर उघडू नका. पन्नास-साठ वर्षांची ती काच, ती तबकडी तुटली, तर तशी दुसरी मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. आणि दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. सुरुवात करू गाडीच्या मागच्या बाजूने.

टाकीत एक दांडी असते, तिच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो, दांडीचं दुसरं टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकतं, रोध बदलतो आणि काटा हलतो. हाच सेंडर.

चावी बंद ठेवून सेंडरवरची वायर काढा आणि गाडीच्या उघड्या धातूला जोडा. मगच चावी फिरवा, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडत नाही. 1960च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत काटा आता सावकाश वर चढेल. चढला की लगेच चावी बंद, नाहीतर मीटर जळू शकतं. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत नेमकं उलटं: वायर जोडली की रिकामी, सुटी ठेवली की भरलेली.

काटा चढला, म्हणजे मीटर आणि वायर शाबूत. तापमानाचा काटाही चुकत असता, तर दोघांना मिळून सरासरी 10 व्होल्ट देणाऱ्या स्टॅबिलायझरवर संशय घेतला असता.

आता अर्थिंग. कुणीतरी मायेने टाकी रंगवलेली असते, खाली नवं रबर घातलेलं असतं, आणि त्यातच टाकीचा बॉडीशी संपर्क तुटलेला असतो. काढलेली वायर परत सेंडरवर लावा, मग सेंडरच्या पत्र्यापासून चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, एक वायर जोडून पाहा. इथे जोडली. काटा तसाच.

मग बॅटरी सोडवायची, टाकी उपसायची आणि सेंडर बाहेर काढायचा. हा पितळी फ्लोट कानाशी हलवला, तर आत पेट्रोल डुचमळतंय. गरम पाण्यात बुडवल्यावर सांध्यापाशी बुडबुड्यांची बारीक माळ सुटते. सुईच्या अग्राएवढं भोक! याला लगेच सोल्डरचा डाग द्यायला जाऊ नका. आत पेट्रोलची वाफ आहे, तापवली तर भडका उडेल. नवा फ्लोट बसवणंच बरं.

टाकी पुन्हा भरली आहे. चावी फिरवली. काटा हलवणारी मीटरमधली धातूची पट्टी तापायला थोडा वेळ लागतो, म्हणून काटा झेप घेत नाही. हळूहळू पाव, अर्धी, पाऊण...