खांबाची माफी कुणी द्यायची?

मंडळी, लातुरात भूकंपावर बोलताना प्रस्तावना लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं निजली होती. मी तेव्हा नुकता इंजिनिअर झालेला, घरांच्या पाहणीला किल्लारीकडे गेलो होतो. दगडामातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती, आणि भिंत आरपार सांधणारा एक लांब दगड कुठे दिसेल तर शपथ. एका म्हातारीने माझा हात धरून विचारलं, "आमचं काय पाप झालं होतं रं बाबा?" तुझं काही पाप नव्हतं, भिंत चुकीची होती, एवढंही माझ्या तोंडून फुटलं नाही. तो प्रश्न मला पुढे इस्तंबूलला पुन्हा भेटला, म्हणून आजचा विषय.

आधी एका माणसाबद्दल सांगतो. २०१२ साली मी इस्तंबूलच्या अव्‌जिलार भागात एका सहकाऱ्याकडे आठवडाभर राहिलो. १९९९ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू तिथून शंभरेक किलोमीटर लांब, तरी अव्‌जिलारमध्ये इमारती कोसळून शेकडो माणसं गेली. सहकाऱ्याचे वडील हाजी. उभं आयुष्य गवंडीकाम केलेले. मी त्यांना काका म्हणायचो. तिकडे 'अमजा' म्हणतात. मला तुर्की येत नाही, मुलगा मध्ये बसून सांगायचा. पण शब्द कानावर पडले की दचकायला व्हायचं: नशीब, हक्क, दोस्त, सगळे आपलेच.

एका सकाळी काका मला खाली फर्निचरच्या दुकानात घेऊन गेले. मोठ्ठी काच, आत सोफे. काकांनी एक गालिचा पायाने सरकवला. फरशीत हातभर चौकोन, वेगळ्या रंगाचा. वर पाहिलं तर स्लॅबला तेवढाच चौकोन, नव्या प्लॅस्टरचा. मधला खांब नव्हता. दुकान प्रशस्त दिसावं म्हणून कापला होता. वर पाच मजले, सगळीकडे बिऱ्हाडं. उरलेल्या एका खांबाचा गिलावा काकांनी किल्लीने खरवडला, तर काँक्रीटमध्ये शिंपल्याचा तुकडा. समुद्राची वाळू, न धुता वापरलेली. तिच्यातल्या मिठाने सळई आतून गंजते. गुळगुळीत सळया, लांब लांब अंतरावर रिंगा. मी इंजिनिअर असून माझे पाय थंड पडले.

काकांनी मला जे सांगितलं ते मी शब्दशः जपून ठेवलंय. नमाज चुकला तर तो माझा आणि अल्लाचा मामला. तो दयाळू आहे, माफ करेल. पण हा खांब 'कुल हक्की' आहे. कुल म्हणजे अल्लाचा बंदा, हक्क म्हणजे हक्कच. बंद्याचा हक्क मारला तर त्या बंद्याने माफ केल्याशिवाय अल्लाही माफ करत नाही. "वरचे लोक मेले, तर हा दुकानदार माफी मागायला जाणार कुणाकडे?"

(चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. मूळ मुद्द्याकडे येतो.)

१७ ऑगस्ट १९९९, पहाटे ३ वाजून २ मिनिटं. सरकारी आकड्यानुसार सतरा हजारांवर माणसं गेली. ग्योल्जुकचा नौदलाचा तळही हादरला. दोन वर्षांपूर्वीच लष्कराने इस्लामी पक्षाच्या पंतप्रधानाला पायउतार व्हायला लावलं होतं, म्हणून काही धार्मिक मंडळी म्हणाली की हा देवाचा कोप. तसं बोलल्याबद्दल एका धार्मिक वृत्तपत्राच्या मालकाला तुरुंगाची शिक्षा झाली. मग ६ फेब्रुवारी २०२३: पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८, त्याच दुपारी ७.५. एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून अधिक मृत्यू. आपली एनडीआरएफची पथकं तिथे गेली ती मोहीम 'ऑपरेशन दोस्त'. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन भूकंपग्रस्तांना म्हणाले, हे नियतीच्या आराखड्यात असतं. लगेच धर्मनिरपेक्षवाले धर्मावर तुटून पडले, की या 'कदर'नेच, म्हणजे नियतीवरच्या विश्वासानेच, देश बुडवला.

मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. पैगंबरांचं वचन आहे, आधी उंट बांध, मग देवावर भरवसा ठेव. तुर्की म्हणीत उंटाच्या जागी गाढव आहे आणि खुंटा मजबूत हवा, असंही बजावलंय. सीरियात प्लेग होता म्हणून खलिफा उमर वाटेतून परतले. अल्लाच्या फर्मानापासून पळताय का, असं विचारल्यावर म्हणाले, त्याच्या एका फर्मानाकडून दुसऱ्याकडे जातोय. या परंपरेत खांब कापायला परवानगी कुठे आहे?

दुसऱ्या बाजूला, तुर्कस्तानचा 'लाइकलिक', म्हणजे तिथली धर्मनिरपेक्षता, म्हणजे धर्मापासून दूर राहणारं राज्य नव्हे. ३ मार्च १९२४ ला खिलाफत रद्द झाली आणि त्याच दिवशी धर्मव्यवहाराचं सरकारी खातं निघालं, 'दियानेत'. इमाम सरकारी नोकर, शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, खुतबा, सरकारी खात्यातून येतं. म्हणजे धर्म, कायदा आणि नकाशा मंजूर करणारा शिक्का, तिन्ही राज्याच्याच हातात. आणि त्या राज्याने काय केलं? १९४८ पासून, सरकार कुणाचंही असो, बेकायदा बांधकामांना माफीचे कायदे केले. त्यांना 'इमार अफ्फी' म्हणतात. 'इमार' आपल्या इमारतीच्या कुळातला, 'अफ' आपल्या माफीच्या. २०१८ च्या माफीत मालकाने स्वतःच अर्ज भरायचा, पैसे भरायचे, दाखला घ्यायचा. भूकंपात टिकण्याची जबाबदारी मालकाची. इंजिनिअरने तपासायची अट नाही. २०१९ मध्ये काहरामानमाराशच्या प्रचारसभेत एर्दोआननी अभिमानाने सांगितलं, की या माफीने १ लाख ४४ हजार १५६ माराशकरांचा प्रश्न आपण सोडवला. चार वर्षांनी भूकंप त्याच शहरावर आला.

काकांच्या हिशेबाने जे अल्लाही परस्पर माफ करत नाही, ते सरकारने फी घेऊन माफ केलं. यात श्रद्धा जास्त झाली असं कुणी म्हणू नये. श्रद्धाही मोडली आणि कायदाही, आणि दोन्ही एकाच टेबलावर. गुंठेवारी 'नियमित' करून घेतलेल्या आपण महाराष्ट्रातल्या लोकांनीही हे ऐकायला हवं.

२३ एप्रिल २०२५ ला मार्मारा समुद्रात ६.२ चा धक्का बसला. रात्री सहकाऱ्याचा फोन आला, सगळी बिल्डिंग बागेत घोंगड्या टाकून बसली होती. काका आता नाहीत. मी खालच्या खांबाचं विचारलं. तो म्हणाला, दुकानदाराने २०१८ लाच दाखला घेतलाय, फ्रेम करून गल्ल्यामागे लावलाय.