धाप वयाची की धुराची?

कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत पहाटे जोर मारणारं हे पोरगं बघा. वय विशीतलं, म्हणजे फुफ्फुसांचा एकदम टॉप. असा गडी छाती भरून जोरात फुंकला तर पहिल्या सेकंदातच साडेतीन-चार लिटर हवा बाहेर. पंचविशीनंतर उतार लागतो, वर्षाला साधारण 25-30 मिली, विडी-सिगरेटला हात न लावणाऱ्याचासुद्धा, म्हणजे पासष्टीला लिटरभर गेलेलंच असतं, आणि तरी म्हातारा निवांत जोतिबाचा डोंगर चढतो.

ज्याला धूर बाधतो त्याचा उतार मात्र दुप्पट. चाळीस वर्षांत दोन-अडीच लिटर साफ. पण शांत बसलेल्या माणसाला एका श्वासाला अर्धा लिटर हवा पुरते, त्यामुळं निम्मी ताकद गेली तरी कट्ट्यावर बसून गप्पा हाणणाऱ्याला पत्ताच नसतो, जिना चढताना धाप लागली की "वय झालं आता" म्हणायचं, मिटला विषय.

आता दुसरी गोष्ट, ही फार कमी लोकांना माहितीय. 2015 मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात सीओपीडी (श्वासाच्या नळ्या कायमच्या आकसण्याचा फुफ्फुसाचा आजार) झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा उतार नॉर्मलच होता! मग झालं काय? तर तरुणपणी त्यांची फुफ्फुसं त्या टॉपला पोचलीच नव्हती. जन्माला येताना कमी वजन, लहानपणी सारखा न्यूमोनिया, दमा, घरात सिगरेटचा नाहीतर चुलीचा धूर, अशानं फुफ्फुसांची वाढच खुंटते. आमच्याकडं आयुष्यभर चूल फुंकलेल्या आज्ज्या आहेत, गुऱ्हाळात चुलवाणाला चिपाडं घालणारे आहेत, यातल्या कितीतरी जणांनी विडी कधी बघितलीसुद्धा नसेल.

टेस्ट सोपी, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि टेक्निशियन शेजारी उभा राहून ओरडतोय, "फुका मामा, फुका, अजून, अजून, सोडू नका!" मामा लालेलाल. श्वासातून ओढायच्या औषधाचा पंप देऊन पुन्हा फुंकायला लावतात, आणि तरीही एकूण हवेतली 70 टक्क्यांपेक्षा कमी पहिल्या सेकंदात निघाली तर श्वासाच्या नळ्या आकसल्यात असं समजायचं. छातीच्या एक्स-रेत हे सुरुवातीला दिसत नाही, म्हणून "फोटो क्लिअर आहे" ऐकून खूश होऊ नका.

आणि पंपाची सवय लागते ही निव्वळ अफवा, उलट गोळीपेक्षा कितीतरी कमी औषध लागतं कारण ते थेट नळ्यांत जातं. पन्नाशीत विडी सोडली तर गेलेलं परत येत नाही, पण उतार बऱ्यापैकी न ओढणाऱ्याइतका होतो.